धुतल्यावर उरलेलं तेल

रानपिस्त्याच्या सालींचं तेल हिरवट असतं आणि त्याला राळेचा वास येतो. आज आमच्या प्रयोगशाळेत त्यातली मेदाम्लं मोजून झाली. पडद्यावरच्या रेघेत ओलेइक आम्लाचं शिखर सर्वांत उंच, पामिटिक आणि लिनोलेइक त्याहून ठेंगणी. मग नेहमीप्रमाणे यंत्र धुवायला नुसतं द्रावक सोडलं. आता रेघ सपाट यायला हवी होती. पण ओलेइकच्या जागी ती हलकेच उचलली गेली.

माझ्याआधी हे यंत्र सुमनताई सांभाळायच्या. रेघ अशी उचलली की म्हणायच्या, "निघालं नाही वाटतं अजून. राहू दे गं, जाईल सावकाश." मला तेव्हा तो यंत्राचा दोष वाटायचा.

ताईंना जाऊन वर्ष होत आलं. माणूस गेलं की त्याचे कपडे वाटून टाकतात, कपाट पुसून घेतात; तेही असंच धुणं असावं. त्यांचा ॲप्रन मी घरी नेऊन दोनदा धुतला आणि घालायला लागले. तरी बाही नाकाशी आली की राळेचा वास येतोच.

तिसऱ्यांदा द्रावक सोडल्यावर रेघ पार सपाट झाली. काम संपलं होतं. मी थोडा वेळ त्या सपाट रेघेकडे बघत बसले, मग सिरिंज उचलली आणि तेलाचा नमुना पुन्हा आत सोडला.