‘तेच ते’ म्हणणारे व्याही

जगातली कुठलीही वस्तू दुसऱ्या कुठल्या तरी वस्तूसारखीच असते, असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या मुलीचा सासरा निघाला. अमेरिकेत टेक्सासमधल्या प्लेनो गावात त्यांचं मोठं घर आहे. तरुणपणी इंजिनियर होऊन ते इकडे आले, रस्ते आणि पूल बांधले, निवृत्त झाले, आणि मग त्यांना एकच उद्योग उरला. इथली कुठलीही वस्तू उचलायची, तिकडच्या कशाशी तरी तिची गाठ मारायची आणि म्हणायचं, "तेच ते!" मी चौथी शिकलेली बाई आहे. पण भोपळा कुठला आणि कलिंगड कुठलं, एवढं मला समजतं. यांना समजत नाही. किंवा समजून घ्यायचं नाही.

त्यांच्या अंगणात संगमरवरी वृंदावन आहे. मी आल्या आल्या पाणी घातलं, हात जोडले, पान चुरगळून वास घेतला आणि चपापले. "भाऊसाहेब, ही तुळस नव्हे."

"बेसिल आहे. इटालियन. तेच ते, विहीणबाई!"

दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, त्याच वृंदावनातला मूठभर पाला खुडून चटणी वाटली आणि शेवयांसारख्या काहीतरी पदार्थावर ओतली. मी विचारलं, "सकाळी ज्याला नमस्कार केला तोच आता जेवायचा का?" वहिनी हसल्या. व्याही म्हणाले, "प्रसाद! तेच ते." गावाबाहेर धरणाचं पाणी अडवून केलेलं तळं आहे. तिथे मला उभं केलं आणि म्हणाले, "बघा, कृष्णामाई." मी कराडची. कृष्णा-कोयनेच्या काठावर माझी धुणी धुण्यात हयात गेली. त्या तळ्यावर बाप्ये मोटारबोटी फिरवत होते. माझ्या तोंडात आलेलं मी गिळलं, कारण मी मुलीची आई. व्याह्यापुढे मुलीच्या आईने गिळायचंच असतं. इतकं गिळून गिळून त्या घरात माझं पोट कायम भरलेलं असायचं.

दसऱ्याची तर वेगळीच तऱ्हा. इकडे आपटा मिळत नाही. त्यांच्या परसात रेडबड नावाचं झाड आहे, त्याचं पान पत्त्यातल्या बदामासारखं. माझी मुलगी वैशाली सांगायची, दर दसऱ्याला हे गृहस्थ कात्री घेऊन खुर्चीत बसतात आणि एकेका पानाला टोकाशी खाच पाडतात. दोन पाकळ्या दिसल्या की झाला आपटा. मग प्लेनोतल्या सगळ्या मराठी घरांत जाऊन "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा" म्हणून ती पानं वाटतात. पुण्या-नागपुराहून आलेली कॉम्प्युटरवाली पोरं आपसांत हसतात, "काकांचं सोनं कटिंग केलेलं असतं यार," पण घेतात. एवढा मोठा माणूस कात्री घेऊन झाडाला आपल्या गावचं करत बसलाय, याचं मला ऐकूनच हसू आलं होतं. नंतर जे झालं त्यात हसू राहिलं नाही.

मी आले होते वैशालीच्या बाळंतपणाला. सातवा संपत आला होता. व्हिसा पाहुण्यांचा, तोही पहिल्यांदा नाकारून दुसऱ्या खेपेला दिलेला. अशा वेळी लेकीजवळ बसावं, डिंकाची तयारी करावी, की डोंगर हुंदडावेत? पण व्याह्यांच्या मनात आलं, दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात इंका नावाच्या राजांनी डोंगरावर बांधलेली जुनी शहरं आहेत, ती विहीणबाईंना दाखवायची. मला न विचारता तिकीट काढलं. ते, वहिनी, त्यांची धाकटी मुलगी नेहा आणि मी. जावई वैशालीपाशी राहणार. मी वैशालीला म्हटलं, "मला नाही जायचं. मी या देशातून बाहेर पडले आणि परत आत घेतलं नाही तर?"

"आई, मल्टिपल एंट्री आहे, काही होत नाही. बाबांनी एवढ्या हौसेनं प्लॅन केलंय. नाही म्हटलंस तर ते मनाला लावून घेतील."

त्यांच्या मनाला लागेल! माझ्या मनाला कोणी विचारलंच नाही.

कुस्को नावाच्या शहरात उतरलो तर चार पावलं चालून जीव वर आला. उंचीच एवढी. डोकं ठणकायला लागलं. वहिनी भिंतीला टेकल्या. व्याही धापा टाकत म्हणाले, "महाबळेश्वर... तेच ते." मी म्हटलं, "महाबळेश्वरला मी पिशव्या घेऊन बाजार चढलेय. तिथे असं मरायला होत नाही." हॉटेलच्या दारातच टोपलीभर वाळकी हिरवी पानं ठेवली होती. तिकडचे लोक ती चघळतात, चहात घालतात, की डोंगराचा त्रास कमी होतो. कोकाची पानं म्हणे. व्याह्यांनी वास घेतला आणि चेहरा उजळला. मला वाटलं आता कढीपत्ता म्हणणार. तेच म्हणाले. आणि खिसा भरून घेतला.

माचू पिच्चूला मात्र कहर झाला. ढगातून डोंगर वर येतो, त्याच्या पाठीवर दगडी घरं, पायऱ्या, शेतीचे टप्पे, सगळं रिकामं. मी उगीच नाव ठेवणार नाही. बघण्यासारखं होतं. दगडाला दगड असा बसवलाय की मध्ये सुरीचं पातं जाणार नाही, आणि चुना नाही की माती नाही. एवढं करून ती माणसं गेली कुठे, म्हणून मी जरा गप्प उभी होते. तेवढ्यात मागून आवाज आला, "राजगड! हुबेहूब राजगड!"

मी वळून विचारलं, "तुम्ही कधी चढला होतात राजगड?"

"फोटो पाहिलाय ना."

"आणि हा दगड?"

"हेमाडपंती. तेच ते!"

शेतीच्या टप्प्यावर एक लामा चरत होता. उंच मानेचं, लोकरीचं जनावर. व्याही त्याच्या तोंडासमोर जाऊन उभे राहिले, नेहाला म्हणाले, "फोटो काढ," आणि आम्हाला सांगू लागले, "हा म्हणजे आपला..." पुढचं त्या जनावराने ऐकून घेतलं नाही. चष्म्यापासून शर्टापर्यंत थुंकलं. सगळ्या प्रवासात माझ्या मनातलं बोलणारा तेवढा एक जीव भेटला.

शेवटच्या दिवशी आम्ही परत कुस्कोत होतो. तिथे सूर्याचं जुनं देऊळ आहे. एके काळी त्याच्या भिंती सोन्याच्या पत्र्याने मढवल्या होत्या. स्पॅनिश लोक आले आणि सगळं सोनं खरवडून घेऊन गेले. आता नुसता दगड. गाइड हे सांगत होता आणि व्याह्यांचे डोळे मोठे मोठे होत होते. त्या दिवशी दसरा होता. मी विसरले होते, ते विसरले नव्हते. म्हणाले, "विहीणबाई, सीमोल्लंघन म्हणतात ते हेच. सीमा ओलांडून आलो, आणि उभे कुठे आहोत तर सोन्याच्या देवळात. पण सोनं तर लुटून नेलंय." मग खिशातून कोकाची दोन पानं काढली, शेजारी शेजारी जुळवली, दात कोरायच्या काडीने देठाशी टोचली. झाला आपटा. आधी वहिनींना दिलं, नेहाला दिलं, मग माझ्यापुढे वाकून म्हणाले, "सोनं घ्या. येणाऱ्या बाळालाही माझं एवढं सोनं."

दसऱ्याचं सोनं कोणी दिलं तर नको म्हणता येत नाही. मी घेतलं. बाळाचं नाव घेतलं होतं म्हणून रुमालात गुंडाळून बटव्यात ठेवलं. पाळण्याच्या गादीखाली ठेवावं असं मनात होतं.

संध्याकाळी गाइड बजावून गेला की कोकाचं एक पानसुद्धा अमेरिकेत नेऊ नका, तिथे कडक बंदी आहे, त्यापासून नशेचं औषध करतात. व्याही घाबरले. त्यांनी स्वतःच्या सगळ्या पिशव्या उलट्या केल्या, खिसे झटकले, वहिनींच्या आणि नेहाच्या पर्समधली पानं काढून कचऱ्यात टाकली. मला विचारलं, "विहीणबाई, तुमच्याकडे पानंबिनं नाहीत ना?" मी म्हटलं, "मी कशाला पानं घेऊ?" खरंच सांगते, मला ते पान वाटलंच नाही. सोनं होतं ते. सोनं कोणी पान म्हणून मोजतं का?

डॅलसच्या विमानतळावर सामान घेऊन रांगेत उभे होतो. हिरवं जाकीट घातलेलं एक लहान कुत्रं माणसांमधून हिंडत होतं. माझ्याजवळ आलं, बटवा हुंगला आणि माझ्यासमोर शहाण्यासारखं बसलं. मला वाटलं, भुकेलं असेल. त्याच्या मागचा अधिकारी पुढे झाला. बटवा उघडला. रुमाल उलगडला. नेहाचा चेहरा पांढरा पडला. "ओ माय गॉड, काकू!"

आम्हाला एका खोलीत नेलं. अधिकारी सभ्य होता, आवाज चढवला नाही. त्यानेच जास्त भीती वाटते. त्याने ते जोडपान टेबलावर ठेवून विचारलं, हे काय आहे? मी तोंड उघडायच्या आत व्याही पुढे झाले आणि छाती काढून म्हणाले, "गोल्ड, सर."

अधिकाऱ्याने पानाकडे बघितलं, मग यांच्याकडे.

"वुई लूट गोल्ड. एव्हरी इयर. अँड गिव्ह टू रिलेटिव्ह्ज."

अधिकाऱ्याने फोन उचलून आणखी एकाला बोलावलं. वहिनी रडायला लागल्या. "बाबा, प्लीज, जस्ट स्टॉप टॉकिंग!" नेहा ओरडली. मग माझ्याकडे वळून दबक्या आवाजात म्हणाली, "काकू, तुमचा व्हिजिटर व्हिसा आहे. दे कॅन कॅन्सल इट. इथूनच परत पाठवू शकतात."

मला पुढचं ऐकूच आलं नाही. इथूनच परत. प्लेनो तिथून गाडीने किती जवळ, आणि तिथे माझी लेक पोटावर हात ठेवून वाट बघत बसलेली. पहिलं बाळंतपण. मला कळा सुरू झाल्या तेव्हा माझी आई वेळेत पोचली नव्हती, आणि मी कोणाला हाका मारत होते ते मला पक्कं आठवतं. मी व्याह्यांकडे वळले. मुलीची आई वगैरे सगळं त्या खोलीत संपलं. म्हटलं, "तेच ते, तेच ते करून तुम्ही माझ्या लेकीला आईवाचून ठेवलंत. घ्या आता. हिंडा घेऊन तुमचं सोनं!"

ते टेबलावरच्या त्या टोचलेल्या पानाकडे बघत राहिले. मग चष्मा काढला, पुसला, घातला. अधिकाऱ्याशी इंग्रजीत बोलायला लागले, पण हळू, एकेक शब्द ठेवल्यासारखं. काय बोलले ते नेहाने मला नंतर सांगितलं. म्हणाले, "ही पानं माझी आहेत. या बाईंना यातलं काही माहीत नाही, इंग्रजीही येत नाही. आमच्या सणाला एका झाडाचं पान सोनं म्हणून देतात. ते झाड इथे नाही, तिथेही नव्हतं. मी यांना सांगितलं की हे तेच आहे. इट इज नॉट द सेम. इट वॉज नेव्हर द सेम. जे करायचं ते मला करा, पण आज यांना सोडा. यांच्या मुलीचे दिवस भरत आलेत."

तो अधिकारी बराच वेळ काही लिहीत होता. पानं पिशवीत बंद केली. व्याह्यांना भरपूर दम दिला, परत कधी प्रवासाला निघालात तर तपासणी होईल असं बजावलं. मग माझ्या पासपोर्टाकडे बोट दाखवून मान हलवली. मला सोडलं.

घरी निघालो. तळ्यावरून गाडी गेली. कृष्णामाईचं नाव निघालं नाही. मला वाटलं, बरं झालं, तोंड बंद झालं एकदाचं.

बाळंतपण सुखरूप झालं. मुलगी झाली. दवाखान्यात नर्सने बाळ दुपट्यात गुंडाळून आणून दिलं. जो तो बघून म्हणत होता, नाक कोणाचं, कपाळ कोणाचं. सगळ्या जगात ‘तेच ते’ म्हणायची खरी जागा कुठली असेल तर ती ही. ती पोरगी तर डिट्टो व्याह्यांवर गेली होती, भुवया आणि जाड नाकासकट. वैशाली मुद्दाम त्यांच्याकडे बघत थांबली. त्यांनी बाळाच्या मुठीला बोट लावलं आणि म्हणाले, "छान आहे हो." बस. मला इतका राग आला की मी उठून बाहेर गेले.

यंदा पुन्हा आले. नात आता बडबड करते, निम्मी इंग्रजीत. वृंदावन रिकामं होतं. विचारलं तर वहिनी म्हणाल्या, "ते म्हणतात, ती तुळस नाहीच, तर कशाला?" दसऱ्याला त्यांनी कात्री काढली नाही. पोरं दारात येऊन "काका, सोनं?" म्हणून हात पुढे करायची आणि ते नुसते "शुभेच्छा" म्हणून पेढा द्यायचे. खुर्चीत बसलेला माणूस म्हातारा दिसत होता. आधी कधी दिसला नव्हता.

शेवटी मीच स्वयंपाकघरातली कात्री घेऊन परसात गेले. रेडबडची पानं पिवळी पडत आली होती. त्यातली बरी बघून खाचा पाडल्या, वाकड्यातिकड्या, मनात शिव्या देत. आत येऊन पहिलं पान नातीच्या हातात दिलं. "घे, सोनं."

तिने उलटसुलट करून बघितलं. "आजी, दिस इज जस्ट अ लीफ."

मी व्याह्यांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. "अहो भाऊसाहेब, पोरगी काय म्हणते ऐकलंत का? सांगा की तिला! मी एकटीने किती करायचं?"

त्यांनी तिला जवळ बोलावलं. पान हातात घेतलं, मी पाडलेल्या खाचेवरून अंगठा फिरवला. मग घसा साफ करून म्हणाले, "आपट्याचं पान असतं ना बाळा, तिकडे... जवळजवळ तेच."

जवळजवळ म्हणे! म्हाताऱ्याला आता तेवढंही धड म्हणता येत नाही.