म्हाळूच्या गप्प राहण्याची चौकशी

आमच्या कसब्यात कारभार कोण चालवतं, असं फसली तेराशे चोविसात, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे चौदा-पंधराच्या सुमारास, कुणी विचारलं असतं, तर निम्म्या गावानं तहसीलदाराचं नाव घेतलं असतं आणि निम्म्यानं म्हाळूचं. मी दुसऱ्या निम्म्यातला. म्हणजे मी तेव्हा जन्मलो नव्हतो, पण असतो तर तिकडंच असतो, यात तिळमात्र शंका नाही!

म्हाळू दवंडीवाला होता. वेशीबाहेरच्या वस्तीत राहायचा. अंगानं काटकुळा, पण आवाज काय विचारता! पाटोद्याच्या बाजाराला निघालेला माणूस ओढ्यापलीकडून मागं वळून बघायचा. राज्य निजामाचं आणि कचेरीची भाषा उर्दू. हुकूम हैदराबादेहून बीडला, बीडहून आमच्या तहसिलीत यायचा आणि तिथंच अडायचा, कारण पुढं गावात तो कुणाला वाचताच यायचा नाही. मग म्हाळूला बोलावणं जायचं. कारकून एकदा वाचून दाखवायचा, म्हाळू मान डोलवायचा, आणि सात ठरलेल्या जागी उभा राहून तो हुकूम आपल्या बोलीत गावाला सांगायचा. सातही जागी दवंडी झाल्याखेरीज हुकूम लागू होत नाही, असा रिवाज होता. हा रिवाज कुठंही लिहिलेला नव्हता, म्हणूनच तो पक्का होता.

आणि म्हाळूची एक पद्धत होती. आधी हलगी कडकडायची, मग "ऐका हो ऐका, सरकारे-आलीचा हुकूम हाय" म्हणून हुकूम जसाच्या तसा सांगायचा. त्यात पदरचा एक शब्द नाही. हुकूम संपला की तो हलगी काखेत मारायचा. हलगी काखेत गेली की सरकार संपलं आणि म्हाळू सुरू झाला, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गाव हातातलं काम टाकून थांबायचं ते या दुसऱ्या भागासाठी.

मोकाट जनावरं कोंडवाड्यात घालायचा हुकूम आला. हलगी काखेत गेली आणि म्हाळू म्हणाला, "गाय सोडवाया जाताना दंडासंगं घागरभर पाणीबी न्या. तिथं जनावराला प्यायला थेंब न्हाई." रात्री दहानंतर कंदिलाशिवाय कुणी फिरू नये, असा कोतवालीचा हुकूम आला. त्यावर म्हाळू: "चोरांसाठी येगळी दवंडी निघंल तवा सांगंन." जुने अमीनसाहेब, म्हणजे आमच्या ठाण्याचे फौजदार, मोकळ्या मनाचे होते. संध्याकाळी जवानाला विचारायचे, "आज म्हाळू क्या बोला?" आणि पोट धरून हसायचे.

त्यांची बदली झाली आणि नवे अमीन आले. ते वाईट नव्हते हो! वाईट असते तर गावानं कसंही निभावून नेलं असतं. ते नीटनेटके होते. बूट चकचकीत, दप्तर चकचकीत, आणि प्रत्येक गोष्टीचा कागद झालाच पाहिजे.

अशात दिवाबत्तीची पट्टी आली. बीडहून गाडीवर गवतात गुंडाळून चार कंदील आले, खांब रोवले गेले. एक ठाण्यापुढं, एक तहसिलीपुढं, एक अमीनसाहेबांच्या दारात आणि चौथा डाकबंगल्यापुढं. बंगल्यात वर्षातून दोनदा कुणी साहेब उतरायचा. आणि पट्टी कुणाला? घरटी चार आणे, अख्ख्या गावाला! हे लिहिताना आजही माझं डोकं सणकतं.

दवंडीच्या आदल्या दिवशी अमीनसाहेबांनी म्हाळूला बोलावून बजावलं, "हुकूम सुना, बस. अपनी तरफ से एक लफ्ज नक्को. बोला तो हलगी जप्त, दवंडी दुसरे को."

हलगी बापाची होती, दवंडीचं कामही बापाकडून आलेलं. ते गेलं तर रोज लाकडं फोडायची आणि खाली मान घालून चालायचं. बायको सत्यभामा म्हणाली, "तोंड शिवून जा. हलगी हाय म्हनून गाव तुमचं ऐकतंय. ती गेली तर आपल्याला इचारतंय कोण?" म्हाळूनं तिच्या गळ्याची शपथ घेतली.

पहिल्या तीन जागी त्यानं हुकूम सांगितला आणि कुणाकडं न बघता सरळ चालू लागला. लोक हिरमुसले. चौथी जागा ठाण्यापुढची, आणि दिवस बाजाराचा! माणसांत मुंगी शिरायला जागा नव्हती. म्हाळूनं हलगी वाजवली, घरटी चार आण्यांचा हुकूम सांगितला, आणि इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप हलला आणि हलगी काखेत गेली.

सगळा बाजार पुढं झुकला. म्हाळूला शपथ आठवली. त्यानं उघडलेलं तोंड पटकन मिटलं. आता बघायचं कुठं? लोकांकडं बघवेना म्हणून त्यानं वर बघितलं, तर डोक्यावर ठाण्याचा कंदील. घाबरून मान फिरवली, तर समोर अमीनसाहेबांच्या दारातला कंदील. बिचारा पुन्हा फिरला, तर तहसिलीचा! कुणीतरी फिसकन हसलं आणि मग अख्खा बाजार फुटला. लोक एकमेकांच्या खांद्यावर पडून हसले.

अमीनसाहेब बाहेर आले. हलगी जप्त झाली आणि म्हाळू आत गेला.

आता पुढची मजा मला ठाऊक आहे, कारण माझे चुलत आजोबा भगवानराव त्याच ठाण्यात मुहर्रिर होते, म्हणजे लिहिणारे कारकून. त्यांनी बोरू शाईत बुडवून विचारलं, "हुजूर, जुर्म काय लिहू?"

"सरकार की तौहीन."

"काय बोलून केली ही बेअदबी?"

अमीनसाहेब अडले. बोलला तर काहीच नव्हता! पण माणूस नीटनेटका, सोडून देणं जमेना. म्हणाले, "गवाह बुलाओ. एकेक को पूछो, हँसे क्यों."

इथं साहेबांनी जी चूक केली, ती फक्त कागदावर जीव असलेला माणूसच करू जाणे.

पहिला आला ख्वाजा, ठाण्यासमोरचा पेरूवाला. म्हाळू काय बोलला? कायबी न्हाई. मग हसलास का? ख्वाजा म्हणाला, "मला वाटलं, त्याच्या मनात माझे पेरू असतीन. ठाण्याचे जवान रोज दोन उचलतेत. आता कंदील आला, तर उजेडात बघून चांगले उचलतीन." भगवानरावांनी अक्षर न अक्षर लिहून घेतलं.

मग मुक्ताबाई गवळण. "म्हाळू वर बघाया लागला तवा मला वाटलं, हिरीवर कंदील कावून न्हाई, असं ईचारतोय. पायऱ्यावर म्या दोनदा पडले. गुडघा अजून ठणकतोय. पट्टी मातर पडलेल्या बाईलाबी तेवढीच अन् उभ्या बाईलाबी तेवढीच."

तिसरा शहादेव; त्याचा बैल पोळ्याच्या तोंडावर चोरीला गेला होता. त्याचं दुखणं ताजंच होतं. "ठाण्यात आलो तर चोराचं नाव सांग म्हणले. आता नाव ठावं असतं तर मी हितं कशाला आलो असतो? त्याच्याच घरी गेलो असतो की! म्हाळू गप ऱ्हायला, तवा मला माझा बैल आठवला."

"आणि हसलास?"

"हसलो न्हाई तर काय करू, साहेब? रडून झालतं."

दुपारपर्यंत बातमी फिरली. ठाण्यात जबाब घेतायत, जे मनात आहे ते लिहून घेतायत, वर शिक्काही मारतायत! दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यापुढं रांग लागली. "माझाबी जबाब घ्या, म्याबी हसलो!" "मी तर सगळ्यात आधी हसलो, बे, सरक मागं!" त्या दिवशी बाजारात नसलेलेही शपथेवर सांगू लागले की आपण हसलो. गटारं, कोंडवाडा, फुकटची कोंबडी, गस्त, जे जे म्हणून गावाच्या पोटात होतं ते सगळं बाहेर आलं. सत्तावीस जबाब झाले. भगवानरावांची बोटं सुजली, पण त्यांनी एक शब्द गाळला नाही. त्यांच्याही गल्लीत कंदील नव्हता ना! अमीनसाहेब घाम पुसत होते. उघडलेली मिसल, म्हणजे चौकशीचं दप्तर, अर्धवट टाकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि पुरी करणं आता अंगाशी येत होतं.

आत म्हाळूला यातलं काही कळत नव्हतं. तो रहीम जवानाला एकच विचारायचा, "हलगी कुठं ठिवली? ओल लागंल तिला." रहीमनं ती चुलीजवळच्या खुंटीला टांगली आणि तसं त्याला सांगितलं. सत्यभामा दोन्ही दिवस फाटकाशी उभी होती. "न बोलता आत घातलं," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. "मंग बोललेच असते तर काय वाईट होतं?"

तिसऱ्या दिवशी तहसीलदार दौऱ्यावरून परतले. म्हातारा, जाड भिंगांचा चष्मा लावणारा माणूस. टेबलावर सत्तावीस जबाबांची मिसल आणि वर दुसरी तक्रार: पट्टी वसूल होत नाही. शेवटच्या तीन आळ्या म्हणतात, आमच्याकडं दवंडीच आली नाही, मग हुकूम कुठला? बरोबरच होतं! दवंडीवाला चौथ्या जागीच कोंडला होता.

म्हाळूला उभं केलं. टेबलावर हलगी ठेवली होती. तहसीलदारांनी जबाब चाळले, एक-दोनदा मिशीत हसले आणि म्हणाले, "ये सब गाँव के दिल में था. तेरे दिल में क्या था?"

बोललो तर हलगी जाणार, हे त्याला सांगितलेलं होतं. त्यानं दाराकडं बघितलं. तिथं सत्यभामा उभी होती. तिनं मान हलवली. गप्प राहा म्हणून की बोला म्हणून, हे भगवानरावांना कधीच उमजलं नाही. पण म्हाळू बोलला.

"हुजूर, मी सात जागी दवंडी देतो. माझा बापबी सातच जागी द्यायचा. त्यात आमची वस्ती न्हाई. पट्टी आमाला दर साली येती, दंड येतो, येठबिगार येती. पर हुकूम काय हाय, ते आमच्या दारात आजपातुर कुणी सांगितलं न्हाई. सगळ्या गावाला मी सांगतो. माझ्या मान्सांला कुणी सांगावं?"

भगवानरावांचा बोरू थांबला. तहसीलदारांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"लिखो," ते म्हणाले, "आठवीं जगह."

आणि त्यांनी हलगी म्हाळूच्या हातात दिली. माझ्या अंगावर हे सांगताना काटा येतो! पट्टी काही माफ झाली नाही, उगाच खोटं कशाला सांगू. डाकबंगल्याचा कंदील तेवढा उपटून विहिरीवर लावला.

त्याच दुपारी म्हाळूनं राहिलेल्या तीन जागी दवंडी दिली आणि तो वेशीबाहेर निघाला. मागं अर्धं गाव. त्यातल्या कितीकांचे पाय त्या वाटेला कधी लागले नव्हते. वस्तीतली माणसं घराघरातून बाहेर आली. म्हाळूनं हलगी कडकडवली. "ऐका हो ऐका" म्हणताना त्याचा तो आवाज पहिल्यांदा चिरकला. मग त्यानं सरकारे-आलीचा हुकूम शब्दाला शब्द सांगितला.

वस्तीतला सगळ्यात म्हातारा बिभीषणआबा काठी टेकत पुढं आला.

"म्हाळू, हे आमालाच सांगितलंस का रं?"

"तुमालाच, आबा."

म्हाताऱ्यानं मुंडासं नीट केलं. "मंग पुन्यांदा सांग."

आणि म्हाळूनं तो चार आण्यांच्या पट्टीचा हुकूम पहिल्यापासून पुन्हा सांगितला.