दोघांनी घ्यायची सुई

नलूची दोन्ही लेकरं मेलेलीच जन्मली. दुसऱ्याच्या अंगाची साल निघालेली होती. ते पाहून सुईणच मागे सरकली, आणि सासरच्या गावात, मुकुटबनात, बोललं जाऊ लागलं की नलूच्या पोटात काहीतरी बसलं आहे. सासूने अंगारे-धुपारे केले. मग सरळ म्हणाली, "औंदा नाही झालं, तं मारोतीले दुसरी करतो."

नलूचा नवरा मारोती राजूरच्या कोळसा खाणीत कामाला होता. पंधरवड्याने घरी यायचा.

नलूचं माहेर वणीजवळ. १९५८च्या दिवाळीला ती माहेरी गेली, तेव्हा आई तिला वणीच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या नर्स विमलताईंनी रक्त घेऊन तपासायला यवतमाळला पाठवलं. निकाल आला तेव्हा त्यांनी दार लोटून घेतलं.

"ही गरमी आहे, नलू, शरीरसंबंधातून लागणारा रोग. नवऱ्याकडून आलेली."

"मले तं काहीच मालूम नाही, बाई," नलू रडायला लागली.

"तुझा दोष नाही. सुया घेतल्यास की बरी होशील. पण त्यालाही घ्याव्या लागतील. नाहीतर रोग पुन्हा तुझ्याकडे येईल आणि पुढचं लेकरूही असंच जाईल. त्याच्या सुया होईपर्यंत त्याला जवळ येऊ देऊ नकोस."

सुया नलूने मुकाट्याने घेतल्या. पण नवऱ्याला सांगायचं म्हणजे तो बाहेर कुणा बाईकडे गेला होता, हे त्याच्या तोंडावर बोलायचं. गावातल्या एकीला याहून कमी बोलण्यावरून कायमचं माहेरी धाडलं होतं. परतीच्या बैलगाडीत नलू मनात वाक्यं जुळवत होती, आणि प्रत्येक वाक्य अर्ध्यावर सोडून देत होती.

मारोती आला तेव्हा सासू वावरात होती. नलूने जेवायला वाढलं. वरण ताटाबाहेर सांडलं.

"काय झालं वं?"

"लेकरं नजरेनं नाही गेली जी. रोग हाये. दोघाइले हाये. मले सुया देल्ल्या. तुमाले बी घ्या लागते म्हणे."

मारोतीचा घास थांबला. "कोन म्हणते?"

"वणीची नर्सबाई."

"अन् तू गावभर सांगून राह्यली?"

"कोनाले नाही सांगतलं. पन सुया घेतल्याबिगर मी तुमच्यापाशी निजत नाही."

हे शेवटचं तिने ठरवलेलंही नव्हतं. तोंडातून निघून गेलं. मारोती ताट ढकलून उठला. नलूने दोन्ही हातांनी डोकं झाकलं. मार पडला नाही. डोळे उघडले तेव्हा दारातल्या चपला नव्हत्या.

पंधरवडा गेला, तो आला नाही. पुढचाही गेला. "काय बोलली तू माह्या पोराले?" सासू रोज विचारायची. पाटणबोरीकडे मारोतीसाठी कुणी मुलगी पाहत आहे, असंही नलूच्या कानावर आलं. बाहेर गाडीचे घुंगरू वाजले की तिला वाटायचं, दुसरी आणलीच. तिने दोन लुगडी गाठोड्यात बांधून ठेवली होती.

एका दुपारी मारोती आला. एकटाच. ओट्यावर बसायला गेला आणि कण्हत उभाच राहिला.

"लागलं का रे?" सासूने विचारलं.

"खाणीत आपटलो."

नलूने पाणी आणलं. तांब्या घेताना तिच्याकडे न पाहता तो हळूच म्हणाला, "झाल्या सुया. रोज टोचे. लई आग होते." मग थोडं थांबून, "तुले बी एवढंच दुखलं का?"

नलूने मान डोलावली.

पुढच्या साली तिला दिवस गेले. नऊ महिने ती धास्तावलेलीच होती. एक टोपडंही शिवलं नाही. वणीला जाऊन रक्त तपासून घ्यायची, तेव्हा निकाल येईपर्यंत अन्न गोड लागत नसे. मुलगी झाली, रडलीसुद्धा, तरी नलू आईला म्हणत होती, "तळवे पाह्य, तळपाय पाह्य." कातडी साफ होती.

मारोतीने त्यानंतर तो विषय कधी काढला नाही. माफीही मागितली नाही.

मुलगी रांगायला लागली, तेव्हा विहिरीवर शेजारच्या बसंतीबाईने सांगितलं की तिचंही दुसरं लेकरू पोटातच गेलं. नलूने काही विचारलं, आणि तिने ते चारचौघींत सांगितलं तर? तरी घागर खाली ठेवून तिने बसंतीबाईला बाजूला, शेताच्या धुऱ्याकडे नेलं.

"तुहा मालक कामाले कुठं जाते वं? वणीले एक नर्सबाई हाये."