अॅडमिरलचा डावा कान

सुधाकर गेल्याचं सांगायला त्याच्या मुलीचा फोन आला, तेव्हा मी सवयीने ओरडूनच बोललो. "काका, हळू बोला, मला ऐकू येतंय," ती म्हणाली आणि रडायला लागली. तिच्या बापाशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, यात माझा अर्धा जन्म गेला. पेपरांत आलं ते खरंच आहे. विहिरीपलीकडे पोहायला पाणी नसलेल्या आमच्या मानवतचा, परभणी जिल्ह्यातला पोरगा नौदलात तोफांचा अधिकारी झाला, पुढे अॅडमिरल झाला. या सगळ्याची वाट मी एका दुपारी लावणार होतो, तेवढं कुणी छापलं नाही...

एकाहत्तरची लढाई संपल्यावर तो पहिल्यांदा मानवतला आला. मी त्याचा वर्गमित्र, कापसाच्या बाजारात, मोंढ्यात एका अडतीवर मुनीम. सत्काराला शाल-नारळ सगळेच देतात. तोफवाल्याला तोफेची सलामी पाहिजे, ही अक्कल माझी. चारठाण्याकडून जत्रेत उखळी उडवणारा आणला. लोखंडी नळीत दारू ठासायची आणि बत्ती द्यायची, की गावभर दणका. मंचाच्या उजवीकडे अध्यक्ष होते, त्यांना दमा. म्हणून उखळी डावीकडे, सुधाकरच्या अगदी शेजारी. बत्तीही मीच दिली, मान दुसऱ्याला कशाला? त्याचा उजवा कान जहाजावरच्या तोफांनी आधीच जवळजवळ निकामी केला होता, हे मला ठाऊक नव्हतं. डावा राखायला तो तोफ उडण्याआधी कापूस कोंबायचा. त्याची माय मानवतचा कापूस डबीत भरून पाठवायची. त्या दिवशी मात्र तो गळ्यात हार घालून, हात जोडून, मोकळ्या कानाने उभा होता. धूर विरला. तो हसत होता. मी टाळ्या पिटत जवळ गेलो, काहीतरी बोललो... आणि तो माझ्या ओठांकडे बघत राहिला.

संध्याकाळी अडतीवर येऊन त्याने खुणेनेच माझं घड्याळ काढायला लावलं. मी ते त्याच्या डाव्या कानाला टेकवलं. त्याने डोळे मिटले, मग मान हलवली. टिकटिक नाही. आठवड्यावर मुंबईला वैद्यकीय तपासणी आली होती. पास झाला तर मोठ्या जहाजाच्या तोफा त्याच्या ताब्यात, नाहीतर किनाऱ्यावरच्या कचेरीत खुर्ची. परभणीचे डॉक्टर म्हणाले, येईलही, वाट बघा. रोज सकाळी मी घड्याळ धरायचो, रोज तो मान हलवायचा. मायला काही सांगितलं नव्हतं. ती मलाच विचारायची, "नाऱ्या, ह्याला दोनदा हाक मारावं लागायलंय. लय मोठा सायब झाला का रं?"

जायच्या आदल्या दिवशी मी ओरडून ओरडून तोड सुचवली, "डॉक्टरच्या ओठांकडं बघून उत्तरं दे! माझ्याशी देतोसच की!" तो एकदम उसळला. "अन् जहाजावर कुणी 'थांबवा' म्हणून वरडलं, मला न्हाई ऐकू आलं, तर? तोफेपुढं आपलंच पोरगं असंल, नाऱ्या." गाडीत बसताना त्याने ठरवून टाकलं होतं, डॉक्टरला सगळं खरं सांगायचं.

मग पत्र नाही, काही नाही. माझं जेवण सुटलं. रुईच्या गाठी मोजताना चुकायला लागलो, शेठ म्हणाले, "मुनीमजी, लग्न ठरलं का काय?" फटाका वाजला तरी हात कानांवर जायचे. महिना उलटला असेल, पोस्टात ट्रंक कॉल आला. मी रिसीव्हर धरून किंचाळलो, "सुधाकर! कान कसा हाय?" पलीकडे नुसती खरखर. मी पुन्हा किंचाळलो. आणि मग...

"हळू बोल, मुडद्या. डाव्या कानाला लावलाय फोन."

खरं ऐकून डॉक्टरने तपासणी पुढे ढकलली होती. कान परत आला, तो पास झाला. मी पोस्टातच ढसाढसा रडलो. पोस्टमास्तर हळूच म्हणाले, "कुणी गेलं का हो?" म्हटलं, "न्हाई, आलं." "काय आलं?" "ऐकू!"

माय थकल्यावर डबी भरायचं काम मी घेतलं. दर हंगामात पहिल्या वेचणीचा कापूस. अॅडमिरल झाल्यावर तोफेशेजारी उभं राहायचं कारण उरलं नव्हतं, पुढे म्हातारपणाने डावा कानही मंदावला. तरी डबीला उशीर झाला की फोन यायचाच.

यंदाची डबी घेऊनच मी त्याच्या पुण्याच्या घरी पोचलो. अंगणात नौदलाची पोरं बंदुका घेऊन रांगेत उभी. सलामी देणार म्हणे. मी सुधाकरच्या देहावर वाकून डबी उघडली, तसा एक तरुण अधिकारी अदबीने म्हणाला, "आजोबा, कानात कापूस आधीच घातलाय."

"त्यो दवाखान्यातला हाय, बाळा," मी म्हणालो. "हा मानवतचा."

डाव्या कानातला बोळा बदलला, बोटाने नीट दाबून बसवला, आणि मगच बाजूला होऊन म्हटलं, "आता उडवा."