माझे निळे डाग आणि आमचं चेकिंग

आमच्याकडं टॉवेलांचे ढीग संध्याकाळपर्यंत संपतात, किश्शांचे काही संपत नाहीत! त्यातले निम्मे तर माझ्या कातडीवरचे. मी पडत नाही, धडपडत नाही, तरी सकाळी उठावं तर दंडावर निळा डाग, दोन दिवसांनी पोटरीवर जांभळा. बरं, लपवायचं कुणापासून? अक्कलकोट रोडच्या ह्या कारखान्यात आम्ही बायका दिवसभर एकच काम करतो, टॉवेलावरचे डाग शोधायचे!

*

पहिला डाग पद्माक्कानं धरला. ही आमच्यात सगळ्यात सीनियर. माझा दंड उजेडाकडं वळवला, टॉवेलावर खूण करायचा खडू घेतला आणि डागाभोवती गोल काढला.

"अगं, हे काय?"

"उद्या बघू. गोलाबाहेर गेला की डॉक्टर!"

आंघोळीत गोल धुऊन गेला, तर दुसऱ्या दिवशी बाईनं मार्कर आणला! शेजारच्या शकीलाभाभी म्हणाल्या, "अक्का, इसकू सेकंडमें डालते क्या?" सेकंड म्हणजे डाग निघालेला, बाजूला काढलेला माल. दिवसभर सगळ्या मला 'सेकंड' म्हणून हाका मारत होत्या.

*

डाग वाढले तसा संशय आमच्या ह्यांच्यावर गेला. हे मूळचे मैंदर्गीचे, पालीला घाबरणारे. संध्याकाळी बाइकवर मला न्यायला आले, तर गेटवर सगळ्यांनी गराडा घातला. शकीलाभाभींनी बाइकची चावीच काढून घेतली. "भाईसाब, हमारी चेकिंगसे कुच नै छुटता, याद रखो!"

हे रडकुंडीला आले. "अवो ताई, घरात आवाज तिचा असतो! मी कशाला मारतोय?"

मी शपथा घेतल्या, पण ऐकतंय कोण! तेव्हापासून नवा डाग दिसला की हे आधी म्हणायचे, "त्यांना फोन कर. मी झोपलो होतो म्हणून सांग!"

*

हसण्यावारी नेलं खरं, पण आतून मी लई घाबरले होते. माझ्या मोठ्या मावशीचं असंच डागांनी सुरू झालं होतं. रक्ताचं दुखणं निघालं आणि ती गेली. माझी पोरगी अजून दहावीला. तपासायला जायचा धीरच होईना. शेवटी पद्माक्कानं सुपरवायझरला सांगितलं, "आज आम्ही तिघी हाफ डे," आणि शकीलाभाभींबरोबर मला रिक्षात कोंबलं.

रिपोर्ट चांगला आला! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्त ठीक आहे. गोळ्या कुठल्या घेता?"

"गुडघ्यासाठी, सकाळी. पद्माक्का देते."

शकीलाभाभी दचकल्या. "मैं बी तो दोपहरकू देती!"

"अय्यो!" पद्माक्का म्हणाली.

मला दोघींचं मन मोडवत नव्हतं, म्हणून दोन्ही गिळायची. दोघींच्या पर्समधून पाकिटं टेबलावर आली. नावं वेगळी, औषध एकच! डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, असल्या गोळ्यांनी रक्त लवकर थांबत नाही. त्यात वयानं कातडी नाजूक होते, टेबलाचा कोपरा घासला तरी आत रक्त पसरतं आणि आपल्याला आठवतही नाही. मनानं घेतलेल्या गोळ्या बंद!

बाहेर येऊन दोघी रडायलाच लागल्या. मी म्हटलं, "अगं, रडता काय? तुम्ही नसता तर मी अजून घरात भीत बसले असते की!" खरंच सांगते, सख्ख्या बहिणीनं केलं नसतं एवढं ह्या दोघींनी केलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

*

राहिला प्रश्न आमच्या ह्यांचा. शनिवारी सुटताना बघते तर काय, गेटवर कुंकू, नारळ, टोपी आणि फर्स्ट क्वालिटीचा टॉवेल! पद्माक्कानं सगळ्यांसमोर ह्यांना टॉवेल-टोपी केली. "बायकोला न मारल्याबद्दल सत्कार!"

हे लाजून चूर. दोन शब्द बोला म्हणून आग्रह झाला, तेव्हा म्हणाले, "मला राग न्हाय. असंच सगळ्यांच्या नवऱ्यांना गाठत जावा की!"

सगळ्या खोखो हसल्या. सविता तेवढी हसली नाही. ती नवीनच लागलेली, कुणाशी फारसं न बोलणारी.

सोमवारी डब्याच्या सुट्टीत ती माझ्याजवळ सरकून बसली.

"ताई, आज आमचे मिस्टर येणार हायत न्यायला. तुमी सगळ्या थांबाल का गेटवर?"

आम्ही सगळ्या थांबलो.