चाकू मिळणार नाही, मामा मिळतील

मागितलं तर रक्त देणारी माणसं नाशकात हवी तेवढी सापडतील, पण माझ्या बायकोच्या मामांकडे चाकू मागितला आणि तो हातात पडला, असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. मामा कंजूष आहेत असं मात्र कुणी समजू नये. ते आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहतात; त्यांची स्कूटर ज्याला हवी तो नेतो आणि पेट्रोल संपवून आणून लावतो. एकदा तर डोळ्यांवरचा चष्मा काढून त्यांनी शेजारच्या काकांना पेपर वाचायला दिला आणि स्वतः तासभर भिंतीकडे बघत बसले. पण खिशातल्या चाकूचं नाव काढायचं नाही. लाकडी मुठीचा, बोटभर पात्याचा हा घडीचा चाकू त्यांनी कृषी खात्यात नोकरीला लागल्यावर द्राक्षांची कलमं करायला घेतला होता. नोकरी संपली, कलमं संपली, चाकू खिशात राहिला. दर रविवारी आंघोळ झाली की ते त्याला धार लावतात. त्या दिवशी देवपूजा राहिली तरी चालते.

चाकू मागायला गेलं की उत्तर ठरलेलं असतं. "चाकू मिळणार नाय. मी येतो." आणि मामा खरोखरच येतात. चपला घालतात, दाराला कुलूप लावतात, कुलूप ओढून बघतात आणि तुमच्या मागोमाग जिना चढू लागतात. तुम्हाला फक्त कुरिअरच्या खोक्याची चिकटपट्टी कापायची असते. पण आधी खोकं कुठून आलं, आत काय आहे, ते नाशकात मिळत नव्हतं का, याची चौकशी होते. मग चहा होतो. चहा जमला असेल तर आणखी अर्धा कप होतो. खोकं आपलं मध्ये बसून ऐकत असतं. वरच्या मजल्यावर एका मुलीच्या वाढदिवसाला सुरी चालेना म्हणून मामांना बोलावलं, तर त्यांनी केकच्या अशा एकसारख्या फोडी केल्या की मेणबत्ती लावायची राहूनच गेली हे सगळ्यांना केक खाऊन झाल्यावर आठवलं.

चाकू का देत नाही, याची कारणं ते माणूस बघून सांगतात. बायकांना सांगतात की चाकू हातातून हातात दिला की भांडण होतं. एका चतुर वहिनींनी यावर, मग खाली ठेवा, मी उचलून घेते, असा तोडगा काढला. मामा म्हणाले, खाली ठेवलेली वस्तू उचलणाऱ्याची होते. पुरुषांना ते आपल्या साडूची गोष्ट सांगतात. साडूंनी आंबा कापायला म्हणून चाकू परस्पर नेला आणि त्याच चाकूने स्कूटरच्या नंबरप्लेटचा स्क्रू पिळला. त्या दिवसापासून पात्याचं टोक किंचित वाकलेलं आहे आणि साडूंशी बोलणं बंद आहे. दोन्हींपैकी टोकाचंच दुःख त्यांना जास्त असावं.

गंगापूर रोडवर एका औषधांच्या दुकानाचं उद्घाटन होतं. पुढारी आले, फीत बांधली, आणि कात्री काही सापडेना. कुणीतरी धावत येऊन मामांना घेऊन गेलं. मामांनी तिथेही धोरण बदललं नाही. शेवटी चाकू मामांच्या हातात आणि मामांचं मनगट पुढाऱ्यांच्या हातात, अशी तडजोड होऊन फीत कापली गेली. त्या दुकानात अजून तो फोटो लावलेला आहे. मधोमध मामा आहेत, आणि पुढाऱ्यांच्या चार अंगठ्या दिसतात.

पण या हट्टापायी त्यांनी सोसलंही आहे. नातीच्या बारशाला बंगळुरूच्या लेकीने विमानाचं तिकीट पाठवलं. ओझरच्या विमानतळावर त्यांना सांगण्यात आलं की चाकू खिशात नेता येणार नाही, मोठ्या बॅगेत टाका, ती बॅग आम्ही वेगळी नेतो. "म्हंजे तुमच्याच ताब्यात द्यायचा ना?" असं म्हणून मामा बॅग उचलून घरी आले. मग ते रेल्वेने गेले. पोचेपर्यंत नातीचं नाव ठेवून झालं होतं. ते नाव त्यांना अजून आवडत नाही.

मामी गेल्या आणि हे सगळं मला जरा वेगळं दिसायला लागलं. आमच्या बिल्डिंगमध्ये घरटी दोन सुऱ्या आणि एक विळी आहे, कुरिअरची खोकी फोडायला कटर आहेत. तरी मामांना हाक मारल्याशिवाय आठवडा जात नाही. कुणी पेरू आणतं, कुणाची पिशवी उघडत नाही, कुणाला गॅलरीतली दोरी तोडायची असते. असं करायचं कुणी ठरवलेलं नव्हतं, पण सगळे करत होते. मामा माझ्यापाशी कुरकुर करायचे की या लोकांच्या घरात साधी सुरी नसते, संसार तरी कसे करतात. तक्रार करताना इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

गेल्या थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून घरी आले ते खुर्चीत बसले आणि उठेचनात. चालायला लागले नाहीत तर अंथरूण धरतील, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. लेक येऊन राहिली, तिने समजावलं, रागावली, रडली. मामा खिडकीतून पार्किंग बघत बसायचे. एका रविवारी मी खाली गेलो आणि नेहमीसारखा चाकू मागितला. मामांनी खिशात हात घातला, चाकू काढला आणि माझ्यापुढे धरला.

"घेऊन जा. परत नाय आणला तरी चालंल."

ज्याची इतकी वर्षं सगळी बिल्डिंग वाट बघत होती तो चाकू माझ्या हातात होता, आणि मला भीती वाटली. दारात त्यांची लेक पदर तोंडाला लावून उभी होती. मी चाकूशी उगाच झटापट केली आणि म्हणालो, "मामा, हा मला उघडत नाही."

"इंजिनिअर ना तू?"

"हो. पण नाही उघडत."

मामांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी हात पुढे करून चाकू परत घेतला. "चपला बघ कुठं हायेत माझ्या," म्हणाले.

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. प्रत्येक वळणावर थांबत, कठड्याला धरून ते वर आले. आणि अर्ध्या जिन्यात माझ्या लक्षात आलं की आमच्या घरी कापायला काहीच नाही. पण जिन्यातला आवाज बायकोने ओळखला होता. आम्ही आत गेलो तेव्हा मिक्सरचं जुनं, रिकामं खोकं माळ्यावरून उतरवून, नवी चिकटपट्टी लावून बैठकीत मधोमध ठेवलेलं होतं.

मामा बसले. दम खाल्ला. अंगठ्याने पट्टी दाबून पाहिली आणि माझ्या बायकोकडे पाहिलं. ती चहा टाकते म्हणून आत पळाली. मग त्यांनी चाकू उघडला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पट्टी सावकाश कापली, झाकणं बाजूला केली आणि त्या रिकाम्या खोक्यात वाकून चांगलं निरखून पाहिलं.

"चांगलं आलंय हो," मामा म्हणाले.