गोधडीची बॅग

आमच्या फोटो स्टुडिओत गिऱ्हाईक बाकावर टेकलं, की एखादी गोष्ट मागे ठेवूनच उठायचं. लग्न होऊन पनवेलला आले, तेव्हापासून माझ्याकडे जे साठलं त्यात दागिने कमी आणि यांच्या बॅगांचे किस्से जास्त.

*

पहिली पत्र्याची ट्रंक. आमच्याच लग्नाच्या फोटोंच्या काचेच्या प्लेटा तिच्यातून एस.टी.ने पेणहून आल्या. हे डार्करूममधून बाहेर आले ते प्लेट उजेडाकडे धरूनच. मग म्हणाले, "तुझी बाजू वाचलीय. मी फुटलोय."

सासूबाई ताक घुसळत होत्या. "लग्न झालंय ना? मग झालं."

ट्रंक माळ्यावर गेली. गावोगाव फिरायचं, तर प्लेटा धड घरी आणणारी बॅग हवी, एवढं ठरलं.

*

मग चामड्याची. दुकानदार म्हणाला होता, "हिने माणसाला वजन येतं."

आलं. तळोज्याला लग्नघर शोधत हे एका ओटीवर चौकशीला थांबले, तर पाट, गरम पाणी, धुतलेला पंचा. आतल्या आजारी म्हाताऱ्याने जीभ बाहेर काढली.

"मग?" मी विचारलं.

"बघितली. काय करणार? डॉक्टर नाही, फोटोवाला आहे म्हटल्यावर म्हणाला, 'मंग तिचाच काढ.'"

*

तिसरी जुन्या बाजारातली, लष्करी खाकी, पाठीवरची. हात मोकळे राहतात म्हणून यांना फार आवडली. पण देवी टोचणारा तशीच पिशवी घेऊन हिंडायचा. मिठागराकडच्या एका लग्नात हे शिरले, आणि बायका पोरं काखोटीला मारून पसार झाल्या. वऱ्हाडाच्या फोटोत नवरदेव एकटाच. तो फोटो न्यायला अजून कुणी आलेलं नाही.

आत कप्पे नव्हते. दोन प्लेटांना तडे गेले, ते वेगळंच.

*

शेवटी मी माहेरची गोधडी कापायला घेतली. सासूबाई कात्रीकडे बघत राहिल्या. "तुझ्या आईचे टाके आहेत ते," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बॅगेच्या पट्ट्यांसाठी त्यांनी स्वतःच्या लुगड्याचे काठ माझ्यापुढे ठेवले.

त्या बॅगेत एकही प्लेट फुटली नाही.

*

खेड्यात फोटोवाल्याला बोलावत ते बहुधा माणूस गेल्यावर. कोन गावच्या एकाने आई असतानाच बोलावलं. डॉक्टरांनी हात टेकले होते.

"मी अजून नाय मेले," म्हातारी यांना म्हणाली. "डोले उघडे हायत तवर काढ. पन निजलेली नको. बसव मना."

कमरेत जोर नव्हता. घरात लोड-तक्क्या कुठला? यांनी बॅग रिकामी केली आणि तिच्या पाठीमागे दिली. तिने हात मागे नेऊन चाचपलं.

"कोनाची रं गोधडी?"

"बायकोच्या माहेरची."

"मऊ हाय."

दिवेलागणीला हे चालत घरी आले. स्टँड खांद्यावर, कॅमेरा काळ्या कापडात बांधून पाठीला, आणि प्लेट शर्टाच्या आत, दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. काच अखंड होती.

"बॅग?" मी विचारलं.

"तिथेच. टेकून बसलीय ती अजून."

मग सासूबाई उठल्या, आणि कात्री शोधू लागल्या.